हद्दीपलीकडचीं शतकें

इ. स. १९५० च्या एप्रिल महिन्यांत मुंबई शहराची हद्द वाढविण्यांत आली, तेव्हां पश्चिमेकडील लोहमार्गावर ती जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली. अलीकडे मुंबई आणि पलीकडे उपनगरांतील गांवें, अशी ती विभागणी. गोरेगांव, मालाड, कांदिवली, बोरिवली हीं स्थानकें मुंबईच्या नकाशांत शिरलीं तीं सुमारें सात वर्षांनंतर, १९५७ च्या फेब्रुवारींत, जेव्हां ही हद्द दहिसरपर्यंत सरकली. आज जोगेश्वरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला, येथें एके काळीं मुंबई संपत होती असें सांगितलें, तर त्याला तें खरें वाटणार नाहीं. त्याच्या समोरून सकाळच्या गाड्या उत्तरेकडून गच्च भरून येतात आणि चर्चगेटकडे जातात. त्या गर्दींत एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपल्याएवढीच मोठी पिशवी अंगाशीं धरून उभा असतो, आणि पिशवीच्या तोंडांतून बॅटीची मूठ डोकावत असते. मंडळी कुरकुरतात, सरकतात आणि त्याला जागा करून देतात. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल यांकडे जाणारी ही वाट उपनगरांतील मुलांनीं वर्षानुवर्षें तुडविली आहे.

क्रिकेटलाहि मुंबईंत अशीच एक हद्द होती, आणि ती नगरपालिकेच्या हद्दीपेक्षां अधिक काळ टिकली. भारताच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरांत मुंबई जिमखान्याच्या मैदानावर, म्हणजे शहराच्या जवळजवळ दक्षिण टोकाला झाला. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावांत लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा काढल्या. कसोटी सामन्यांत भारतीय फलंदाजानें काढलेलें तें पहिलें शतक. प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. सामना मात्र इंग्लंडनें नऊ गडी राखून जिंकला. भारताचें पहिलें शतक पराभवांत निघालें, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सांगलीचे विजय हजारे यांनीं १९४८ च्या जानेवारींत अ‍ॅडलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकें केलीं, पहिल्यांत ११६ आणि दुसऱ्यांत १४५. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. तरीहि भारताचा एका डावानें पराभव झाला. एकट्याचें शतक आणि संघाचें यश यांची सांगड आपोआप पडत नाहीं, हा धडा भारतीय क्रिकेटनें असा अगदीं बालपणींच गिरविला.

त्याच काळांत विजय मर्चंट यांच्यासारख्यांच्या खेळानें मुंबईच्या फलंदाजीला एक शिस्त लागली. चेंडू जमिनीवरून मारावा, बळी फुकट देऊं नये, आणि शतक झालें म्हणजे पंचाकडून पुन्हां नव्यानें मधली रेघ मागून घेऊन, जणूं कांहींच झालें नाहीं अशा बेतानें पहिल्यापासून खेळूं लागावें. मैदानावर वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या कानीं हे नियम पडत आले आहेत. ह्या शिस्तीचें सर्वांत शुद्ध रूप म्हणजे सुनील गावसकर. १९७१ सालीं वेस्ट इंडीजमध्यें आपल्या पहिल्याच मालिकेंत त्यांनीं चार शतकांसह ७७४ धावा केल्या, आणि निवृत्तीच्या वेळीं त्यांच्या नांवावर ३४ कसोटी शतकें होतीं. मर्यादित षटकांच्या नव्या खेळाशीं मात्र त्यांचें फारसें जमलें नाहीं. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकांत लॉर्ड्‌स येथें इंग्लंडनें साठ षटकांत ३३४ धावा केल्यावर गावसकर सबंध साठ षटकें खेळले आणि ३६ धावांवर नाबाद परतले. ह्या डावाबद्दल मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें. त्याचें समाधानकारक कारण कोणाला देतां आलेलें नाहीं. एकदिवसीय सामन्यांत त्यांनीं एकच शतक केलें, तें कारकीर्दीच्या अगदीं शेवटीं, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं नागपूर येथें न्यूझीलंडविरुद्ध. त्याच वर्षीं ३० एप्रिलला त्याच नागपूर भागांत, बनसोड ह्या गांवीं, एका मुलाचा जन्म झाला होता. एकदिवसीय सामन्यांतील मोठ्या खेळींचा इतिहास पुढें त्याच्या नांवें लिहिला जावयाचा होता.

मधल्या काळांत शतकांची ही गादी उत्तरेकडे सरकली. सचिन तेंडुलकर यांचें घर वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतींत. त्यांचें खरें शिक्षण शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं झालें. वांद्रें हें उपनगरांचें दार. तेथून दादर तिसऱ्या स्थानकावर. तेंडुलकर यांनीं ५१ कसोटी आणि ४९ एकदिवसीय अशीं शंभर आंतरराष्ट्रीय शतकें केलीं, आणि शतकांचेंहि शतक होऊं शकतें हें जगाला प्रथम दाखविलें. शंभरावें शतक १६ मार्च २०१२ रोजीं मीरपूर येथें निघालें, नव्याण्णवाव्यानंतर एका वर्षाहूनहि अधिक काळानें. त्या दिवशीं भारत बांगला देशाकडून हरला. येथेंहि शतक एकीकडे आणि सामना दुसरीकडे.

बोरिवलीचा रोहित शर्मा ह्या परंपरेंतील पुढचा. त्याचे वडील एका वाहतूक कंपनीच्या गोदामावर देखरेखीचें काम करीत. उत्पन्न तुटपुंजें. आईवडील डोंबिवलीस एका खोलींत राहत, आणि मुलगा बोरिवलीस आजी-आजोबा व काका यांच्याजवळ वाढला; सुटीच्या दिवशीं तेवढी आईवडिलांची भेट होई. १९९९ सालीं काकांनीं दिलेल्या पैशांवर तो क्रिकेटच्या एका शिबिरांत दाखल झाला. तेथें दिनेश लाड यांची नजर त्याच्यावर पडली. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेंत ते क्रिकेट शिकवीत. मुलानें आपल्या शाळेंत यावें असें त्यांनीं सुचविलें. परंतु तेथील फी त्या घराला झेपणारी नव्हती. लाड यांनीं शब्द टाकला आणि शाळेनें फी माफ केली. फीमाफीचा असा परतावा कोणत्याहि संस्थेला क्वचितच मिळाला असेल. ह्या मुलाला घेतलें होतें तें गोलंदाज म्हणून. तो ऑफ-स्पिन टाकी आणि फलंदाजीला आठव्या क्रमांकावर येई. एके दिवशीं लाड यांनीं त्याची फलंदाजी नीट पाहिली आणि त्याला आठव्या क्रमांकावरून एकदम सलामीला आणलें. शालेय स्पर्धेंत सलामीच्या पहिल्याच डावांत त्यानें शतक केलें. आठव्या क्रमांकावरील मुलगा कशा रीतीनें बॅट धरतो हें पाहावयाला थांबणारा शिक्षक भेटणें, हाहि नशिबाचाच भाग म्हणावयाचा.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटांत तो २००७ सालीं आला. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत झालेली वीस षटकांच्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा भारतानें जिंकली, आणि अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध ह्या वीस वर्षांच्या तरुणाच्या सोळा चेंडूंतील नाबाद ३० धावा फार मोलाच्या ठरल्या. त्याच्या खेळांतील सहजता सर्वांच्या डोळ्यांत भरली. वेगवान चेंडू खेळावयालाहि त्याच्याजवळ इतरांपेक्षां एखादा क्षण जास्त आहे असें पाहणाऱ्याला वाटे. ह्या देणगीचा एक तोटा असतो. ज्याला सर्व कांहीं सोपें जातें असें दिसतें, तो बाद झाला म्हणजे लोक त्याला आळशी म्हणतात. रोहितच्या वांट्याला हें दूषण पुष्कळ वर्षें आलें, आणि त्यानें काढलेल्या धावा पाहतां तें सर्वस्वी अन्यायाचें होतें असेंहि म्हणतां येत नाहीं.

पहिलीं दोन शतकें मे २०१० मध्यें झिंबाब्वेंतील बुलावायो येथें निघालीं, तींहि एका दिवसाच्या अंतरानें: २८ तारखेस झिंबाब्वेविरुद्ध ११४ आणि ३० तारखेस श्रीलंकेविरुद्ध नाबाद १०१. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकहि आंतरराष्ट्रीय शतक नाहीं. त्या वर्षाच्या आरंभींच एक घाव बसला होता. फेब्रुवारींत नागपूर येथें, म्हणजे जन्मभूमींतच, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याचा पहिला कसोटी सामना व्हावयाचा होता. सामन्याच्या दिवशीं सकाळीं अंग मोकळें करण्यासाठीं खेळाडू फुटबॉल खेळत असतां त्याचा घोटा मुरगळला, आणि जागा दुसऱ्याला गेली. कसोटीची ती टोपी त्याला पुन्हां मिळावयाला पावणेचार वर्षें लागलीं. तोंपर्यंत त्याचे १०८ एकदिवसीय सामने खेळून झाले होते. २०११ चा विश्वचषक भारतानें वानखेडे मैदानावर, त्याच्याच शहरांत जिंकला, तेव्हां तो संघांत नव्हता. २०१२ मध्यें श्रीलंकेच्या दौऱ्यांत पांच एकदिवसीय डावांत मिळून त्यानें अवघ्या तेरा धावा केल्या. एवढ्या अपयशावर दुसऱ्या एखाद्याची कारकीर्द संपली असती.

पुढें काय घडलें ह्याचा उलगडा करावयाचा तर बोरिवलीच्या शाळेकडे परत जावें लागतें. १९१३ नव्हे, २०१३ च्या जानेवारींत, पण गोष्ट तशी जुनीच: लाड यांनीं जें केलें होतें तेंच कर्णधार महेंद्रसिंग धोनी यांनीं केलें. मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध त्यांनीं रोहितला सलामीला पाठविलें. त्यानें ८३ धावा केल्या आणि त्या जागेवरून मग त्याला कोणी हलविलें नाहीं. मधल्या फळींत खेळणाऱ्याला येतांच धावांची घाई करावी लागते. सलामीच्या फलंदाजाला बसावयाला वेळ मिळतो. रोहितला हवा होता तो हाच वेळ. त्याच वर्षीं १६ ऑक्टोबरला जयपूर येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३६० धावांचा पाठलाग करतांना नाबाद १४१. २ नोव्हेंबरला बंगळूर येथें ऑस्ट्रेलियाविरुद्धच २०९. ६ नोव्हेंबरला सुरू झालेल्या कोलकात्याच्या कसोटींत, पहिल्याच कसोटी डावांत, १७७. आणि १५ नोव्हेंबरला वानखेडेवर नाबाद १११. ज्या फलंदाजाला साडेतीन वर्षांत एकहि शतक जमलें नव्हतें, त्यानें एका महिन्यांत चार केलीं. शेवटचे दोन सामने तेंडुलकर यांच्या कारकीर्दींतील अखेरचे. १६ नोव्हेंबरला तेंडुलकर वानखेडेच्या खेळपट्टीला हात लावून निरोप घेऊन गेले, तेव्हां त्या मैदानावरील सर्वांत ताजें शतक बोरिवलीच्या मुलाचें होतें.

रोहितच्या शतकांची संख्या पाहण्याआधीं त्यांची बांधणी पाहणें जरूर आहे, कारण त्याचें वेगळेपण तेथें आहे. एकदिवसीय सामन्यांत एका डावांत दोनशे धावा त्यानें तीनदां केल्या. २०२५ अखेरपर्यंत दुसऱ्या कोणालाहि हें दोनदांसुद्धां साधलेलें नाहीं. ह्या तिन्ही डावांचा नकाशा एकच आहे. बंगळूरच्या २०९ धावांत पहिल्या शंभरांना ११४ चेंडू लागले, पुढील १०९ धावा ४४ चेंडूंत आल्या. १३ डिसेंबर २०१७ रोजीं मोहाली येथें श्रीलंकेविरुद्धच्या नाबाद २०८ मध्यें पहिलें शतक ११५ चेंडूंत झालें आणि दुसरें ३६ चेंडूंत. ह्यांतील पहिला भाग मर्चंट-गावसकरांच्या शिस्तीचा आहे: बळी राखावयाचा, चेंडू पारखावयाचा, शतक झाल्यावर पुन्हां पवित्रा घ्यावयाचा. दुसरा भाग कोणाच्याहि शिस्तींत बसणारा नाहीं.

ह्या जातीचा सर्वांत मोठा डाव १३ नोव्हेंबर २०१४ रोजीं कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, पुन्हां श्रीलंकेविरुद्धच, झाला. रोहित दुखापतींतून नुकताच परतला होता. चार धावांवर असतां त्यानें मारलेला चेंडू थर्डमॅनकडे उडाला, आणि तिसारा परेरा याच्या हातून झेल निसटला. पहिल्या पन्नास धावांना ७२ चेंडू लागले. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली असल्यास नवल नाहीं. शंभर धावा शंभर चेंडूंत झाल्या. मग उरलेल्या ७३ चेंडूंत त्यानें १६४ धावा केल्या. तेहतीस चौकार, नऊ षट्‌कार, एकूण २६४. शेवटच्या चेंडूवर तो बाद झाला तेव्हां भारताच्या धावा ४०४ होत्या. श्रीलंकेचा सबंध संघ २५१ धावांत गारद झाला, म्हणजे अकरा जणांना मिळून एकट्या रोहितची बरोबरी करतां आली नाहीं. तेरा धावा कमीच पडल्या. गावसकरांच्या साठ षटकांतील ३६ धावांपासून ह्या २६४ पर्यंतचें अंतर मोजावयाला चाळीस वर्षें पुरेशीं वाटत नाहींत. तरी दोन्ही डावांच्या मुळाशीं, बाद व्हावयाचें नाहीं, हा एकच मुंबईकर हट्ट आहे.

कसोटी सामन्यांतील त्याची गोष्ट निराळी, आणि तिथें गुणगान करतांना हात आखडता घ्यावा लागतो. पहिल्या दोन डावांत दोन शतकें काढणाऱ्या ह्या फलंदाजाला तिसऱ्या कसोटी शतकासाठीं २०१७ पर्यंत थांबावें लागलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत विशाखापट्टण येथें त्याला कसोटींतहि सलामीला आणलें गेलें आणि त्यानें दोन्ही डावांत शतकें केलीं, १७६ व १२७. आठव्या क्रमांकावरून सलामीला, ही शाळेंतील घटना तिसऱ्यांदां घडली असें म्हटलें तरी चालेल. परदेशांतील पहिलें कसोटी शतक मात्र सप्टेंबर २०२१ मध्यें लंडनच्या ओव्हलवर निघालें, पदार्पणानंतर जवळजवळ आठ वर्षांनीं. १२७ धावांच्या त्या संयमी डावामुळें भारतानें सामना जिंकला. कसोटींत एकूण शतकें बारा, सरासरी सुमारें चाळीस, आणि त्या बारांपैकीं परदेशांत फक्त दोन. गावसकर आणि तेंडुलकर यांच्या रांगेंत हे आंकडे बसत नाहींत, आणि ते तसे बसवूंहि नयेत.

आतां २०१९ चा विश्वचषक. इंग्लंडमधील त्या स्पर्धेंत रोहितनें पांच शतकें केलीं: साउदॅम्पटन येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद १२२, मँचेस्टर येथें पाकिस्तानविरुद्ध १४०, बर्मिंगहॅम येथें इंग्लंडविरुद्ध १०२ व दोनच दिवसांनीं तेथेंच बांगला देशाविरुद्ध १०४, आणि ६ जुलैला लीड्‌स येथें श्रीलंकेविरुद्ध १०३. एका विश्वचषकांत पांच शतकें त्यापूर्वीं कोणी केलीं नव्हतीं. श्रीलंकेच्या संगकारानें २०१५ सालीं चार केलीं होतीं. ह्यांत नशिबाचाहि हात होता हें सांगितलेंच पाहिजे. इंग्लंडविरुद्ध चार धावांवर आणि बांगला देशाविरुद्ध नऊ धावांवर त्याचा झेल सुटला. पण झेल अनेकांचे सुटतात, आणि सुटलेल्या झेलाचें शतक करणें हीहि एक विद्या आहे. पांचांपैकीं चार सामने भारतानें जिंकले आणि साखळीच्या अखेरीस संघ पहिल्या स्थानावर होता.

मग मँचेस्टरचा उपान्त्य सामना आला. पावसामुळें तो ९ व १० जुलै असा दोन दिवस चालला. न्यूझीलंडच्या धावा २३९. भारताच्या डावाच्या आरंभींच मॅट हेन्री याच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूला रोहितच्या बॅटीची कड लागली आणि यष्टिरक्षकानें झेल घेतला. धाव एक. मागोमाग कोहली एका धावेवर, राहुल एका धावेवर. पांच धावांत तीन गडी. जडेजा आणि धोनी यांनीं शर्थ केली, तरी अठरा धावा कमी पडल्या. पांच शतकें करणारा घरीं परतला तो एका धावेची आठवण घेऊन. स्पर्धेंतील त्याच्या ६४८ धावा सर्व फलंदाजांत अधिक होत्या. चषक दुसऱ्यांनीं नेला. अमरनाथ, हजारे, तेंडुलकर यांच्या बाबतींत जें घडलें, तेंच येथें पांचपट मोठ्या प्रमाणांत घडलें.

ह्याचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला हें कोणी सांगावें? परंतु त्याच्या खेळावर झालेला परिणाम सर्वांनीं पाहिला. चार वर्षांनंतरचा विश्वचषक भारतांत भरला तेव्हां तो संघाचा कर्णधार होता, आणि त्याचा खेळ मुळापासून बदलला होता. तिन्ही द्विशतकांचा पाया असलेला तो संथ पहिला भाग त्यानें टाकून दिला. पहिल्याच षटकापासून तो गोलंदाजांवर तुटून पडूं लागला. दिल्लीस अफगाणिस्तानविरुद्ध त्यानें ६३ चेंडूंत शतक पुरें केलें. विश्वचषकांतील त्याचें तें सातवें शतक. त्यानें तेंडुलकर यांचा सहा शतकांचा विक्रम मागें टाकला. पण त्या स्पर्धेंत शतक झालें तें एवढेंच. बाकीच्या डावांचे आंकडे असे आहेत: ०, ८६, ४८, ४६, ८७, ४, ४०, ६१, ४७, ४७. शतकांची वही ठेवणाऱ्याला ह्या ओळींत लिहून घेण्यासारखें कांहीं सांपडणार नाहीं. तरी अकरा डावांत मिळून ५९७ धावा झाल्या. एका विश्वचषकांत कोणत्याहि कर्णधारानें तोंपर्यंत एवढ्या केल्या नव्हत्या.

१५ नोव्हेंबर २०२३ चा वानखेडेवरील उपान्त्य सामना ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. समोर पुन्हां न्यूझीलंड. रोहितनें २९ चेंडूंत ४७ धावा केल्या आणि नवव्या षटकांत तो बाद झाला. त्यानें मोकळ्या करून दिलेल्या वाटेनें विराट कोहली यानें ११७ आणि श्रेयस अय्यर यानें १०५ धावा केल्या, आणि भारताच्या धावा ३९७ पर्यंत पोंचल्या. कोहलीचें तें पन्नासावें एकदिवसीय शतक. तेंडुलकर यांचा ४९ शतकांचा विक्रम त्यानें तेंडुलकर यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्याच मैदानावर मोडला. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत दोन शतकें आणि शमीचे सात बळी यांची वर्णनें होतीं. ४७ धावांना कोठें तरी एखादी ओळ मिळाली असेल.

चार दिवसांनीं अहमदाबादेस अंतिम सामना झाला. पुन्हां ४७, ह्या वेळीं ३१ चेंडूंत. मॅक्सवेलच्या एका षटकांत षट्‌कार आणि चौकार मारून झाल्यावर त्यानें पुन्हां उंच फटका मारला, आणि ट्रॅव्हिस हेड यानें मागें धांवत जाऊन अप्रतिम झेल घेतला. तो गेल्यावर भारताचा डाव रखडला. चौकार अत्यंत विरळ झाले, डाव २४० वर संपला आणि ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून चषक नेला. त्या षटकांत दहा धावा मिळाल्याच होत्या, मग आणखी एका फटक्याचा मोह कशाला, असें त्या दिवशीं घरोघर म्हटलें गेलें. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. मर्चंट यांच्या शाळेंत हा फटका चुकीचाच ठरला असता. मात्र ज्या रीतीनें खेळून संघानें आधींचे दहाहि सामने जिंकले होते, ती रीति कर्णधारानेंच अंतिम सामन्यांत सोडली असती तर ती योग्य झाली असती काय, ह्या प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. २०१९ सालीं शतकें करून चषक हुकला, २०२३ सालीं शतकें सोडून हुकला.

त्यानें ती रीति सोडली नाहीं. २०२४ च्या जूनमध्यें वीस षटकांच्या विश्वचषकांत सेंट लुशिया बेटावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा झाल्या असतां, शतक आठ धावांवर आलेलें असूनहि, त्यानें हात राखला नाहीं आणि तो त्रिफळाचीत झाला. भारतानें सामना जिंकला, आणि २९ जूनला बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाउन येथें दक्षिण आफ्रिकेला सात धावांनीं हरवून चषकहि जिंकला. अंतिम सामन्यांत रोहितच्या धावा होत्या नऊ. पुढच्या वर्षीं ९ मार्चला दुबई येथें चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यांत न्यूझीलंडविरुद्ध त्यानें ७६ धावा केल्या. पुढें सरसावून मारण्याच्या प्रयत्नांत तो यष्टिचीत झाला. करंडक भारताला मिळाला. कर्णधार म्हणून त्यानें मिळविलेल्या ह्या दोन्ही विजयांच्या स्पर्धांत त्याचें एकहि शतक नाहीं.

मे २०२५ मध्यें त्यानें कसोटी क्रिकेटमधून निवृत्ति पत्करली. त्याच महिन्याच्या १६ तारखेस वानखेडे मैदानावर दिवेचा पॅव्हिलियनच्या तिसऱ्या मजल्यावरील प्रेक्षागाराला त्याचें नांव देण्यांत आलें. समारंभाला त्याचे आईवडील उपस्थित होते. चर्चगेट स्थानकापासून तें मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे; बोरिवलीहून आलेली गाडी तेथें संपते.

त्यानंतरचें एक शतक सांगावयाचें राहिलें. कर्णधारपद शुभमन गिल याच्याकडे गेलें होतें आणि रोहित अडतीस वर्षांचा झाला होता. २५ ऑक्टोबर २०२५ रोजीं सिडनी येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो जुन्या रीतीनें, बेतानें खेळला. कोहली सोबतीला होता. २३७ धावांचें लक्ष्य एकच गडी गमावून गांठलें गेलें, आणि रोहित १२१ धावांवर नाबाद परतला. एकदिवसीय सामन्यांतील हें तेहतिसावें शतक. कसोटींतील बारा आणि वीस षटकांच्या सामन्यांतील पांच धरून बरोबर पन्नास झालीं, तेंडुलकर यांच्या निम्मीं. मालिका त्या आधींच्या दोन सामन्यांतच ऑस्ट्रेलियानें जिंकलेली होती.